द्वेषाविना संहार : ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ हाती घेण्यापूर्वी

काही पुस्तकं न वाचताच वाचल्यासारखी वाटतात. एच. जी. वेल्सची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ त्यातलीच. मंगळावरून यंत्रं येतात, लंडन ओस पडतं, सैन्याचं काही चालत नाही आणि अखेर साध्या जंतूंनी मंगळवासी मरतात, हे कथानक कादंबरीचं पानही न उलटलेल्या माणसाला ठाऊक असतं. १९५३ चा हॉलिवूडपट, २००५ चा स्टीव्हन स्पीलबर्गचा चित्रपट आणि परग्रहवासीयांच्या स्वारीवर त्यांच्या आगेमागे निघालेले असंख्य चित्रपट यांनी ती सोय करून ठेवली आहे. म्हणून या प्रस्तावनेत शेवट फोडला याबद्दल वाचकाने रागावू नये. तो सव्वाशे वर्षांपूर्वीच फुटलेला आहे. शिवाय या कादंबरीची भीती शेवट लपवण्यावर उभीच नाही. ती कशावर उभी आहे आणि आज मराठी वाचकाला ती कुठे बोचते, ते इथे मांडायचं आहे.

हर्बर्ट जॉर्ज वेल्सचा जन्म १८६६ चा, लंडनजवळच्या ब्रॉमली गावातला. वडील छोटे दुकानदार आणि क्रिकेटपटू. आई पुढे एका श्रीमंत कुटुंबाच्या वाड्यावर नोकरचाकरांची व्यवस्था पाहायची. पोराला कापडाच्या दुकानात उमेदवारीला लावलं, तिथे त्याचं मन रमलं नाही. १८८४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून तो साउथ केन्सिंग्टनच्या विज्ञानशाळेत पोहोचला. तिथे त्याला जीवशास्त्र शिकवायला होता टी. एच. हक्सली, डार्विनचा खंदा कैवारी. उत्क्रांती म्हणजे प्रगतीची शिडी आणि तिच्या सगळ्यात वरच्या पायरीवर आपण, असा समज त्या काळच्या सुशिक्षित इंग्रजाने सोयीने करून घेतला होता. वेल्स हक्सलीकडून नेमकं उलट शिकला. निसर्गाने कोणालाही कायमची सनद दिलेली नाही. आज जो वर आहे तो उद्या असेलच असं नाही. १८९५ ते १८९८ या चार वर्षांत ‘द टाइम मशीन’, ‘द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो’, ‘द इन्व्हिजिबल मॅन’ आणि ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ अशा चार कादंबऱ्या आल्या. चारही या एकाच धड्यातून निघालेल्या आहेत.

शेवटची कादंबरी रचली गेली ती सरे परगण्यातल्या वोकिंग गावी. वेल्स तिथे राहायला आला होता आणि सायकलवरून पंचक्रोशी पालथी घालत होता. कुठली जागा, कुठलं घर, कुठला माणूस मंगळवासीयांच्या तोंडी द्यायला बरा, हे हेरत तो हिंडायचा, असं त्याने पुढे आत्मचरित्रात मिश्कीलपणे नोंदवलं आहे. वोकिंगशेजारचा हॉर्सेल कॉमन हा माळ, तिथले वाळूचे खड्डे, वेब्रिज, लेदरहेड, शेपर्टन ही सगळी खरी ठिकाणं आहेत. एप्रिल १८९७ पासून ‘पिअर्सन्स मॅगझिन’मध्ये कादंबरी क्रमशः छापून येऊ लागली, तेव्हा तिथल्या वाचकाला आपली गल्ली जळताना दिसत होती.

त्या माळावरचा एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. आकाशातून पडलेला प्रचंड दंडगोल खड्ड्यात रुतलाय, आतून त्याचं झाकण फिरतंय. गावकरी काय करतात? बघायला जमतात. गर्दी झाली म्हटल्यावर एक मिठाईवाला आपल्या पोराला हिरवी सफरचंदं आणि जिंजर बिअर गाडीवर लादून तिकडे धाडतो. दिवसभर जत्रा भरते. संध्याकाळी काही जाणती मंडळी पांढरं निशाण घेऊन पुढे सरसावतात. आपणही बुद्धिमान, तेही बुद्धिमान. बोलणं होऊ शकेल, एवढीच त्यांची समजूत. खड्ड्यातून एक अदृश्य उष्ण किरण फिरतो आणि पांढऱ्या निशाणासकट सगळे जळून जातात. पुढच्या पानांवर याहून भीषण बरंच काही आहे, पण कादंबरीचं मर्म या प्रसंगातच आलेलं आहे. पांढरं निशाण समजायला समोरच्याने तुम्हाला निदान शत्रू तरी मानावं लागतं.

परकीय फौज इंग्लंडवर चालून येते, ही कल्पना वेल्सची नव्हे. १८७१ मध्ये जॉर्ज चेस्नीची ‘द बॅटल ऑफ डॉर्किंग’ ही दीर्घकथा गाजली आणि स्वारीकथांची लाटच आली. हा चेस्नी बंगाल इंजिनिअर्समधला अधिकारी. १८५७ मध्ये दिल्लीच्या वेढ्यात तो जखमी झाला होता. त्याच्या कथेतला शत्रू जर्मन बोलतो. तो सैन्य घेऊन येतो, जिंकतो, खंडणी लादतो. म्हणजे तोही माणसाच्या हिशेबात बसतो. वेल्सने त्या साच्यातला माणूसच काढून टाकला. त्याच्या मंगळवासीयांना ना खंडणी हवी, ना शरणागती, ना गुलाम. त्यांचा ग्रह थंड होत चालला आहे, त्यांना राहायला जागा हवी आहे, आणि माणसाचं रक्त त्यांच्या अंगात थेट टोचून घेता येतं. त्यांना पचनसंस्था नाही. मेंदू आणि स्पर्शिका म्हणजे जवळजवळ सगळा देह.

हे सुचलं कुठून? वेल्स आणि त्याचा भाऊ फ्रँक सरेच्या शांत माळरानातून फिरत होते, विषय निघाला टास्मानियाचा. युरोपीय वसाहतवाल्यांनी त्या बेटावरच्या मूळ लोकांचा काही दशकांत जवळजवळ उच्छेद केला होता. आकाशातून कोणी अचानक इथे उतरलं आणि आपल्याशी तसंच वागलं तर, असा प्रश्न फ्रँकने टाकला. पुस्तक त्यालाच अर्पण केलेलं आहे. पहिल्याच प्रकरणात वेल्स वाचकाला बजावतो की मंगळवासीयांना दोष देण्याआधी आपण काय काय संपवलं ते आठवा; आणि त्या यादीत रानरेडे व डोडो पक्षी यांच्याबरोबर टास्मानियाची माणसंही येतात.

साम्राज्याला आरसा दाखवणारी कादंबरी अशी तिची ओळख आता पाठ्यपुस्तकी झाली आहे. ती चूक नाही, पण अपुरी आहे. मला या कादंबरीतली सगळ्यात भयंकर गोष्ट वाटते ती मंगळवासीयांच्या कामातली टापटीप. ते काळा विषारी धूर सोडतात, गावंच्या गावं त्यात मरतात. मग ते स्वतः त्या धुरात उतरतात, वाफेचे फवारे मारून हवा स्वच्छ करतात आणि पुढे सरकतात. काम झालं, जागा साफ केली. यात कुठे राग नाही, सूड नाही, विजयोन्माद नाही. भयकथेतल्या पिशाच्चाला निदान तुमच्यात रस असतो, ते तुमच्या मागे लागतं. इथे मरणारा माणूस मारणाऱ्याच्या खिजगणतीतही नाही. द्वेष करणाऱ्याची समजूत घालता येते, त्याला लाजवता येतं, त्याच्याशी तह करता येतो. ज्याच्या लेखी आपण काहीच नाही त्याच्यापुढे कोणता अर्ज करायचा?

इंग्रज वाचकाला ही भीती नवी होती. इथल्या वाचकाला ती तशी नवी असायचं कारण नव्हतं. ही कादंबरी क्रमशः छापून येत होती त्या १८९७ सालाकडे पुण्या-मुंबईतून पाहा. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. जानेवारी १८९७ मध्ये मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये वॉल्डेमार हाफकिनने प्लेगची लस तयार करून आधी स्वतःलाच टोचून घेतली. १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. त्याच महिन्यात प्लेग आवरण्यासाठी नेमलेल्या रँडच्या कमिटीचा अंमल सुरू झाला. गोरे सोजीर घराघरांत शिरून झडत्या घेऊ लागले. पुढच्याच महिन्यात लंडनच्या वाचकाने मंगळवासीयांचं पहिलं प्रकरण वाचलं. २२ जूनला लंडनने राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव साजरा केला. त्याच रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर महोत्सवाच्या मेजवानीहून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. डिसेंबरात कादंबरीचा शेवटचा हप्ता आला. मंगळवासी जंतूंनी मेले.

या तारखांचा वेल्सशी थेट काही संबंध नाही. पुण्याच्या प्लेगवरून त्याला कादंबरी सुचली असं कोणी म्हणू नये. पण एकाच वर्षात शेजारी शेजारी ठेवल्या की त्या कादंबरीच्या शेवटाकडे वेगळ्या नजरेने पाहायला लावतात.

जंतूंचा हा शेवट अनेकांना पळवाट वाटतो. लेखकाला सुटका सुचेना, म्हणून त्याने अदृश्य सैन्य बोलावलं, अशी टीका होते. ती मला पटत नाही. कादंबरीच्या अगदी पहिल्या परिच्छेदात सूक्ष्मदर्शकाखालचा पाण्याचा थेंब आहे आणि त्यात वळवळणारे जीव आहेत. आपण त्यांच्याकडे पाहतो तसं मंगळावरून कोणी आपल्याकडे पाहत होतं, असं वेल्स म्हणतो. म्हणजे ज्या जीवांनी अखेर लढाई जिंकली, ते पहिल्या पानावर हजर आहेत. आपलं लक्ष पाहणाऱ्याकडे जातं, थेंबाकडे जात नाही. ही लेखकाची हातचलाखी. मंगळावर जंतूच नव्हते, त्यामुळे तिथल्या देहांना त्यांच्याशी झुंजण्याची सवय नव्हती. माणसाला ती होती, कारण त्याच्या असंख्य पिढ्या जंतूंनी मरून मरून ती कमावली होती. हा हक्सलीच्या वर्गातला धडा आहे.

घोटाळा होतो तो यातून बोध काढताना. निवेदक देवाचे आभार मानतो, आणि पृथ्वी आपल्या लेकरांच्या पाठीशी उभी राहिली असा गोड निष्कर्ष वाचकही काढून मोकळा होतो. इतिहास या गोडव्याला दुजोरा देत नाही. अमेरिकेत देवीचा रोग स्वारी करणाऱ्यांबरोबर गेला आणि त्याने तिथल्या मूळ रहिवाशांना झोपवलं. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मलेरियाने आणि पीतज्वराने गोऱ्यांच्या कबरी भरल्या. मुंबईत प्लेग बंदरातून शिरला आणि मेले ते बहुतांशी इथलेच, दाट वस्तीतले, गरीब. जंतूला जिंकणारा-हरणारा, मूळचा-उपरा काही कळत नाही. मंगळवासीयांनाही माणसाचा द्वेष नव्हता, जंतूंनाही मंगळवासीयांचा नव्हता. कादंबरीतला संहार दोन्ही बाजूंनी द्वेषाविना होतो. शेवट सुखाचा झाला तो योगायोगाने आपण उभे होतो ती बाजू वाचली म्हणून. हक्सलीचा विद्यार्थी याहून जास्त दिलासा देऊ शकत नव्हता, आणि त्याने तो दिलेलाही नाही.

जंतू कसे वागतात हे त्याच साली आणखी एका ठिकाणी उलगडत होतं. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी सापडले. या शोधाची बातमी आणि कादंबरीचे हप्ते एकाच काळात छापले जात होते. शेवटाची कल्पना वेल्सच्या वाचकाला अद्भुत वाटली नसेल. त्या दशकातलं ते ताजं विज्ञान होतं.

२०२० नंतर वाचणाऱ्याला आणखी एक प्रकरण वेगळं भासेल, ते लंडन सोडून पळणाऱ्या लोकांचं. निवेदकाचा वैद्यकी शिकणारा भाऊ उत्तरेकडच्या रस्त्यावर उभा राहून तो लोंढा पाहतो. बग्ग्या, हातगाड्या, सायकली, पायी चाललेली माणसं; सगळे घोगऱ्या आवाजात एकमेकांना पुढे सरका म्हणताहेत. त्यात एकाची पिशवी फुटते, सोन्याची नाणी रस्त्यावर विखुरतात. तो खाली बसून ती ओंजळीने गोळा करू लागतो आणि मागून येणाऱ्या गाडीखाली त्याची पाठ मोडते. भाऊ त्याला ओढून काढू पाहतो, तर तो त्याच्या हाताला चावतो. आपण टाळेबंदीत मुंबई-नाशिक रस्त्यावर जे पायी चाललेले तांडे पाहिले, त्यांच्याकडे सोन्याच्या पिशव्या नव्हत्या. कादंबरीतलं पलायन मध्यमवर्गाच्या डोळ्यांनी दिसतं आणि धाब्यावर बसवलेली शिस्त हाच तिथला मोठा धक्का आहे. आपल्या रस्त्यांवर शिस्त होती. पोटाला अन्न आणि जायला गाडी नव्हती. दोन दृश्यांतला हा फरक वाचकाने पुसू नये.

आता कादंबरीच्या खटकणाऱ्या बाजू. निवेदकाला नाव नाही आणि त्याच्या बायकोलाही नाही. त्याच्या अनामिकपणामुळे तो कोणीही होऊ शकतो. तिच्या अनामिकपणामुळे ती फक्त काळजी वाहण्याचं ठिकाण होते. पिस्तूल चालवून स्वतःला आणि भावजयीला वाचवणारी मिस एल्फिन्स्टन एवढीच ठसठशीत स्त्री, तीही मोजक्या पानांपुरती. टास्मानियाबद्दलचं ते प्रसिद्ध वाक्य सहानुभूतीचं आहे खरं, पण नीट वाचलं तर त्या लोकांचं माणूसपण त्यात पूर्ण मान्य केलेलं नाही. ती माणसासारखी दिसणारी होती, असा सूर आहे. शिवाय ते संपले हेही खरं नव्हे. त्यांचे वंशज आजही टास्मानियात आहेत आणि आपण नामशेष झालो नाही हे जगाला सांगत आले आहेत. याच वेल्सने पुढे १९०१ मध्ये ‘अँटिसिपेशन्स’ या पुस्तकात नव्या कार्यक्षम जगाच्या गरजा न भागवू शकणाऱ्या काळ्या, पिवळ्या, गव्हाळ लोकांनी वाट सोडावी अशा अर्थाची भाषा केली. पुढे त्याची मतं पुष्कळ पालटली आणि १९४० मध्ये तो मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यासाठी झटत होता. तरी तीनच वर्षांत मंगळवासीयांची भाषा खुद्द त्यांच्या निर्मात्याच्या तोंडी यावी, ही गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही. आपल्याला ज्या भीतीचं दर्शन झालं तिचा धडा आपण घेतलाच असेल, याची खात्री लेखकालाही देता येत नाही.

कादंबरीला हा धोका ठाऊक आहे, असंही मात्र म्हणावं लागेल. पटनी टेकडीवर निवेदकाला तोफखान्यातला एक सैनिक भेटतो. तो भविष्याचा आराखडा मांडतो : दणकट, निवडक माणसांनी गटारांत आणि बोगद्यांत राहायचं, दुबळ्यांना मरू द्यायचं, मंगळवासीयांची यंत्रं शिकायची आणि एक दिवस उलटायचं. निवेदक भारावून जातो. वाचकही जातो, कारण भाषण खरंच जोरदार आहे. मग दिसतं की या महापुरुषाने आठवडाभरात जेमतेम दहा यार्ड खणलं आहे, आणि थोडं खणून झालं की त्याला शॅम्पेन आणि पत्ते आठवतात. आजच्या पडद्यावर जगबुडीतून वाचलेल्या मर्दांच्या कथांना तोटा नाही. त्यांची थट्टा वेल्सने आधीच करून ठेवली आहे.

मंगळाबद्दलचं कादंबरीतलं विज्ञान अर्थातच कालबाह्य झालं. १८७७ मध्ये खगोलशास्त्रज्ञ शियापारेल्लीला मंगळावर रेषा दिसल्या, पर्सिव्हल लॉवेलने १८९५ च्या पुस्तकात त्यांचे बुद्धिमान प्राण्यांनी खणलेले कालवे केले, आणि वेल्सने त्या चर्चेवर आपली इमारत बांधली. १९६५ मध्ये मरिनर-४ यानाने पाठवलेल्या छायाचित्रांत कालवे नव्हते, विवरं होती. २०१४ च्या सप्टेंबरात आपलं मंगळयान त्या ग्रहाभोवती फिरू लागलं. पण गंमत अशी की मंगळवासी नाहीत हे कळल्यावर वेल्सची भीती संपली नाही, ती उलटली. आता दुसऱ्या ग्रहावर उतरणारे आपण आहोत. १९६७ च्या अंतराळ करारात दुसऱ्या ग्रहांना हानिकारक संसर्ग करू नये अशी अट आहे. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेली व्हायकिंग यानं निर्जंतुक करण्यासाठी आधी भट्टीत तापवलेली होती. १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या अपोलो-११ च्या अंतराळवीरांना विलगीकरणात ठेवलं होतं. अंतराळसंस्थांच्या या सगळ्या नियमांमागे वेल्सचा शेवटच उभा आहे.

या बाजूला मराठी नावही जोडलेलं आहे. ‘प्रेषित’ आणि ‘व्हायरस’ लिहिणारे डॉ. जयंत नारळीकर नुसत्या कल्पनेवर थांबले नाहीत. २००१ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या बलूनमधून ४१ किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरची हवा गोळा करून तीत जीवाणू आहेत का हे तपासणाऱ्या प्रयोगात ते होते. अवकाशातून पृथ्वीवर सूक्ष्मजीव येत असतील का, हा प्रश्न. निष्कर्षांवर वाद झाले, होत राहतील. पण वेल्सच्या मंगळवासीयांकडे न आलेला जंतू आपल्याकडे बाहेरून येतो का, असा पाठपुरावा पुण्यात बसलेल्या एका कथालेखकाने प्रयोग करून केला, हे मराठी वाचकाला ठाऊक असायला हवं.

या कादंबरीने माणसांना काय काय करायला लावलं याची यादी मोठी आहे. सोळा वर्षांच्या रॉबर्ट गॉडर्डने ती वाचली. त्याने १९२६ मध्ये द्रव इंधनाचं पहिलं रॉकेट उडवलं. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्सने तिचं रेडिओ-नाट्य बातम्यांच्या थाटात सादर केलं आणि अमेरिका घाबरली, अशी आख्यायिका झाली. ती बरीचशी वर्तमानपत्रांनी फुगवलेली आहे, हे आता अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. फुगवलेली नसलेली घटना १९४९ ची, इक्वादोरमधल्या क्वितो शहरातली. तिथे असंच नाट्य रेडिओवर आलं, लोक रस्त्यावर आले आणि ही फसवणूक होती हे कळताच संतापलेल्या जमावाने रेडिओ केंद्राची इमारत पेटवली. त्यात माणसं मेली. बातमीचा आवाज काढून सांगितलेल्या खोट्याची ताकद मोबाइलवरच्या निरोपांच्या काळात समजावून सांगायची गरज नाही.

भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, आणि विज्ञानकथा म्हणजे साहसाची सफर ही आवड अनेक पिढ्यांना लागली. वेल्स वाचताना ती आवड थोडी बाजूला ठेवावी. व्हर्नचा नायक कुठेतरी जातो. वेल्सचा माणूस घरी असतो आणि जग त्याच्या दाराशी येतं. स्वारीच्या आदल्या दिवसांत निवेदक सायकल शिकतोय आणि संस्कृती सुधारेल तशा नीतिकल्पना कशा वाढतील यावर निबंध लिहितोय. सगळं संपल्यावर तो घरी परततो, तेव्हा येत्या दोनशे वर्षांचं भाकीत करू पाहणारं वाक्य टेबलावर तसंच अर्धवट पडलेलं आहे. वर्तमानपत्रवाल्या पोराचा आवाज आला म्हणून तो मध्येच उठला होता. वेल्सचा उपरोध असा बारीक चालतो. तो पकडायचा तर पहिली आठ-दहा प्रकरणं घाईने वाचून चालणार नाही.

वाचून झाल्यावर पहिलं प्रकरण पुन्हा वाचावं, अशी माझी शिफारस आहे. पहिल्या वेळी आपण हमखास माणसांच्या बाजूने असतो. दुसऱ्या वेळी मात्र मंगळावरून पृथ्वीकडे पाहणाऱ्या त्या थंड, मत्सरी डोळ्यांची नजर आपल्याला ओळखीची वाटेल. धरणासाठी उठवलेली गावं नकाशावर पाहताना, एखाद्या जंगलाची किंमत आकड्यात मांडताना ती आपण स्वतः वापरलेली असते. त्यात द्वेष नसतो, आणि द्वेष नाही म्हणून आपण निर्दोष आहोत असं आपल्याला वाटतं. हा समज वेल्सने मोडून काढला आहे, म्हणून ही कादंबरी अजून वाचायची.